वाढदिवसाची खिचडी आणि हक्काचं अंडं

दर महिन्याला कुणी ना कुणी मेसेज करतं. ‘मुलीचा पहिला वाढदिवस आहे, हॉटेलात पैसे उडवण्यापेक्षा गरीब मुलांना जेवू घालावं म्हणतोय, एखादी अंगणवाडी सांगा.’ माणसं भली असतात, मी पत्ता देते. हल्ली मात्र सोबत एक गळ घालते आणि ती बऱ्याच जणांना रुचत नाही. जेवण घालाच, पण गेलाच आहात तर आहाराचं रजिस्टर बघून या. काल काय शिजलं, किती मुलं जेवली, शिधा शेवटचा कधी आला, एवढं विचारा. एकाने तर स्पष्टच लिहिलं, ‘ताई, आम्हाला पुण्य करायचंय, चौकशी नाही.’

माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. आपल्याकडे पोरांची भूक दानाने हटलेली नाही. जी काही हटली ती चौकशी करणाऱ्यांमुळे.

२००१ सालची गोष्ट बघा. राजस्थानात दुष्काळ, माणसं उपाशी, आणि भारतीय अन्न महामंडळाची गोदामं तुडुंब. देशातला धान्यसाठा तेव्हा ५ कोटी टनांच्या वर गेला होता. पीयूसीएल या नागरी हक्कांसाठी काम करणाऱ्या संघटनेने एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका टाकली. कोठारं भरलेली असताना लोक उपाशी कसे, एवढाच प्रश्न होता. २८ नोव्हेंबर २००१ ला न्यायालयाने अंतरिम आदेश दिला : सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळांत प्रत्येक मुलाला शिजवलेलं जेवण, किमान ३०० कॅलरी आणि ८ ते १२ ग्रॅम प्रथिनं, वर्षातले किमान २०० दिवस. त्याआधी बहुतेक राज्यांत महिन्याला ३ किलो धान्य मुलांच्या हातात ठेवून मोकळं होत असत. पिशवी घेऊन रांगेत उभं राहिलेले कितीतरी जण ही पोस्ट वाचत असतील.

आदेश निघाला म्हणून चुली पेटल्या असं मात्र झालं नाही. राज्यं महिनोन्‌महिने हललीच नाहीत. मग ठिकठिकाणी लोक रस्त्यावर आले. काही ठिकाणी तर गावकऱ्यांनी भर चौकात चूल मांडून मुलांना जेवू घातलं, सरकारला लाजवायला. मला ते फार आवडतं. जेवणच घातलं की त्यांनीही! पण ते जेवण म्हणजे मागणी होती, आणि कुणाकडे ती करायची हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आता आपल्या महाराष्ट्रातलं अंडं घ्या. नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं ठरलं, न खाणाऱ्याला केळं. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा सरकारी पैसा बंद झाला. अंडं आणि साखर हवी असेल तर शाळांनी लोकसहभागातून बघावं, असं सांगण्यात आलं. लोकसहभाग! शब्द किती गोड आहे. ज्या गावात बाप ऊसतोडीला आणि आई दुसऱ्याच्या शेतात, तिथे अंड्याची वर्गणी कुणाकडून काढायची? सधन गावातल्या शाळेला अंडं मिळेल आणि ज्या पोराला त्याची सगळ्यात जास्त गरज आहे ते वाटाण्याच्या उसळीतले वाटाणे मोजत बसेल. तुमच्या वाढदिवसाच्या जेवणावर माझा राग नाही. राग आहे तो, त्या जेवणाकडे बोट दाखवून कुणी आपली जबाबदारी झटकतंय याचा. शाळेतल्या असल्या जेवणाला आपल्याकडे ‘स्नेहभोजन’ म्हणतात आणि ते रोजच्या आहारावर वरकड म्हणून असायचं, त्याच्या बदल्यात नव्हे.

आकडे एकदाच सांगते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३४.४ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी होती. २०१९-२१ च्या सर्वेक्षणात ती ३५.२ टक्के झाली. उंचीच्या मानाने अतिशय रोड मुलं ९.४ वरून १०.९ टक्क्यांवर गेली. पुढारलेलं राज्य म्हणवतो आपण.

आकड्यांपेक्षा वजनाचा दिवस बघितला तर जास्त कळतं. एका पाड्यावरच्या अंगणवाडीत बसले होते. आढ्याला टांगलेला काटा, त्याला कापडाची झोळी, झोळीत पाय झाडत रडणारं पोर. काटा स्थिर होईना. सेविकेने अंदाजाने आकडा घातला, दुसऱ्या पोराला घेतलं. बिचारीला त्याच दिवशी मोबाइलवर सगळ्यांची नोंद भरायची होती आणि नेटवर्क मिळवायला टेकाडावर जायचं होतं. बाजूला बसलेल्या एका आईने हळूच विचारलं, ‘मागल्या खेपेला किती भरलं होतं?’ सेविकेने वही उलटली. तेवढंच. तीन महिने पोराच्या वजनाची रेघ आडवीच चालली होती, म्हणजे वजन वाढतच नव्हतं, आणि ते आईला कुणी सांगितलंच नव्हतं. लपवलं होतं असंही नाही. विचारलं नाही, सांगितलं नाही. पुढच्या वेळी त्या पाड्यावरच्या बायकांनी पोरांना रांगेत धरलं, स्वेटर उतरवले, काटा थांबेपर्यंत आकडा लिहू दिला नाही. दंडाला पट्टी लावली तेव्हा ‘साडेअकराच्या खाली आहे का वर?’ हा प्रश्न सेविकेआधी आज्यांनी विचारला. दंडघेर ११.५ सेंटीमीटरच्या खाली म्हणजे सॅम, तीव्र कुपोषित. तिथून १२.५ पर्यंत मॅम, मध्यम कुपोषित. हे कळायला शिक्षण लागत नाही. त्या महिन्यात त्या अंगणवाडीत सॅम मुलं वाढली. म्हणजे कागदावर वाढली, खरी होती तेवढीच होती. वरून विचारणा झाली ती सेविकेला, तुमच्याकडेच आकडा कसा वाढला म्हणून! बायका तिच्या बाजूने उभ्या राहिल्या हे महत्त्वाचं, नाहीतर पुढच्या महिन्यात तिने पुन्हा अंदाजच लिहिला असता.

‘आईबापच लक्ष देत नाहीत’ हे वाक्य मला मीटिंगांमध्ये इतक्यांदा ऐकायला मिळतं की आता चीड येते. वर्षाच्या पोराचं पोट मुठीएवढं. त्याला दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं भरवावं लागतं. आई सकाळी सहाला कामावर जाते, दिवस मावळताना येते. मधल्या वेळात त्याला भरवणार कोण? सात वर्षांची बहीण? अंगणवाडीत गरम ताजा आहार मिळतो तो तीन ते सहा वर्षांच्या मुलांना. त्याखालच्यांना घरपोच पाकिटं. ती पाकिटं काही घरी कोंबड्यांना जातात हे सगळ्यांना माहीत आहे, कारण पोरं ती तोंडातच घेत नाहीत. या आहारात ठेकेदार नकोत, बचत गट आणि महिला मंडळांना काम द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच सांगितलं होतं. आपल्याकडच्या या पाकिटांच्या निविदांचा वाद मात्र २०१९ पर्यंत त्याच न्यायालयात रेंगाळत होता. छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळच्या गनियारीची जन स्वास्थ्य सहयोग ही संस्था तीन वर्षांखालच्या मुलांसाठी गावातच ‘फुलवारी’ चालवते. गावातल्याच बायका दिवसभर पोरं सांभाळतात, भरवतात. कुपोषणावर मला याहून शहाणपणाचा उपाय दिसलेला नाही. आपल्याकडे पाळणाघर म्हटलं की अजून शहरातल्या नोकरदार बायकांचंच डोळ्यासमोर येतं.

आणि हो, शिजवणाऱ्या बायकांचं काय? शाळेत खिचडी करणाऱ्या स्वयंपाकी-मदतनीस यांच्यासाठी केंद्राने २००९ मध्ये महिना १००० रुपये मानधन धरलं, तेही वर्षातले १० महिने, आणि नंतर कितीतरी वर्षं ते तिथेच होतं. राज्याने वर भर घातली म्हणून निभावतं. अंगणवाडीतल्या मुलामागचा आहाराचा खर्च २०१७ मध्ये दिवसाला ६ वरून ८ रुपये केला. ८ रुपयांत ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं बसवून दाखवा, मी तुमच्या घरी जेवायला येते.

‘तुम्ही यात राजकारण आणताय’ अशी कॉमेंट येईलच, म्हणून आधीच सांगते : हो, आणतेय. तामिळनाडूत मुख्यमंत्री कामराजांनी १९५० च्या दशकात शाळेत जेवण सुरू केलं, पुढे मुख्यमंत्री झालेल्या एमजीआर यांनी १९८२ मध्ये ते वाढवलं, २०२२ मध्ये तिथे सकाळचा नाश्ताही आला. तिथे पोरांच्या ताटावर मतं मिळतात किंवा जातात. आपल्याकडे कुठल्या आमदाराला प्रचारात अंगणवाडीबद्दल प्रश्न विचारला गेल्याचं तुम्ही ऐकलंय?

वस्तीत सहा वर्षांखालची ४० मुलं असतील आणि अंगणवाडी नसेल, तर लोकांनी मागणी केल्यापासून तीन महिन्यांत ती द्यावी, असा सर्वोच्च न्यायालयाचा १३ डिसेंबर २००६ चा आदेश आहे. ओढ्यापलीकडच्या एका वाडीवरच्या बायकांनी हे ऐकल्यावर रेघांच्या वहीत प्रत्येक पोराचं नाव आणि जन्ममहिना लिहिला, ग्रामसभेचा ठराव जोडला, अर्ज दिला. पावसाळ्यात तीन वर्षांचं पोर ओढा ओलांडून अंगणवाडीत जाणार कसं, एवढाच त्यांचा मुद्दा. तीन महिन्यांत काही झालं नाही. पुढच्या पावसाळ्यानंतर झालं. इमारत अजून नाही, समाजमंदिरात भरते. पण भरते.

तर ज्यांना खरंच काही करायचंय त्यांच्यासाठी. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात सहा महिन्यांपासून चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांचा आहार हा हक्क आहे. शाळेत ज्या दिवशी जेवण शिजलं नाही, त्या दिवसाचं धान्य आणि शिजवण्याचे पैसे पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत मुलाला मिळाले पाहिजेत, हा २०१५ चा नियम आहे. सलग तीन दिवस चूल पेटली नाही तर जबाबदारी कुणाची ते ठरवावं लागतं. दाद लागली नाही तर जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आहे, वर राज्य अन्न आयोग आहे. शहरात राहत असाल तरी गावाकडच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीत तुमचा भाऊ, वहिनी, मित्र कुणीतरी असतोच. त्याला फोन करा. १५ ऑगस्ट किंवा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत झेंडा आणि भाषणं झाली की पांगू नका, अंगणवाडीचा विषय घ्यायला लावा आणि इतिवृत्तात लिहिला गेला का ते बघा. अर्ज तोंडी नको, दोन प्रतींत द्या. आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घेतल्याशिवाय ऑफिसातून उठू नका. साहेब जेवायला गेलेत म्हणाले तर बसून राहा, येतात ते.