अर्धं जठर काढलं म्हणून कॅन्सर होत नाही? साफ खोटं

"अल्सरसाठी जठर कापलेल्यांनी निर्धास्त राहावं. अर्ध्या जठराला कॅन्सर होणार कुठून? दुर्बीण घालून तुकडा काढला की मात्र पसरतो. रोज सकाळी खायचा सोडा घ्या, ॲसिड मेलं की कॅन्सर मेला. बी12ची इंजेक्शनं म्हणजे लूट."

हा मेसेज मुंबईतल्या फॅमिली ग्रुपांवर फिरतोय. गिरगावातल्या सत्तरी ओलांडलेल्या एका काकांनी तो वाचून ठरलेली एंडोस्कोपी रद्द केली. वजन उतरतंय, हिमोग्लोबिन खाली आलंय, आणि उपाय काय, तर सोडा! त्यामुळे गप्प बसवत नाही.

आधी सोडाच घेऊ, कारण तो मुद्दा नेमका उलटा आहे. ॲसिड स्रवायला लावणारं गॅस्ट्रिन मुख्यतः जठराच्या खालच्या भागात बनतं आणि अल्सरच्या ऑपरेशनात तोच भाग काढतात. म्हणजे उरलेल्या जठरात ॲसिड आधीच कमी. ॲसिड कमी झालं की तिथे जंतू माजतात, नायट्रेटचं नायट्राइट करतात आणि त्यातून कॅन्सरकारक नायट्रोसो संयुगं तयार होतात. दुसरं कारण पित्ताचं. बिलरोथ-2 पद्धतीत जठराचा उरलेला भाग थेट लहान आतड्याला जोडतात. खालची झडप गेलेली असते, त्यामुळे पित्त आणि स्वादुपिंडाचा रस उलटा वर येतो आणि जोडाजवळचं अस्तर वर्षानुवर्षं चिघळवत राहतो. गाठ बऱ्याचदा त्या जोडापाशीच सापडते ती यामुळे. अशा जठरात सोडा ओतून मिळणार काय? वायू होऊन पोट तट्ट फुगणार, आणि चहाच्या अर्ध्या चमच्यातून सुमारे 600 मिलिग्रॅम सोडियम जाणार. बीपीवाल्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

"होणार कुठून" म्हणणाऱ्यांना एवढंच सांगायचं, की अशा रुग्णांची नोंद 1922 सालीच अमेरिकेतले शल्यविशारद डोनाल्ड बाल्फर यांनी केली होती. पुढे 1990 मध्ये 'कॅन्सर रिसर्च' या नियतकालिकात आधीचे अभ्यास एकत्र करून हिशेब मांडला गेला. जठर कापलेल्यांमध्ये धोका एकूण 1.66 पट निघाला. त्याच अभ्यासात मेसेजवाल्यांच्या पदरात टाकावं असं थोडंफार आहे, तेही सांगतो: पहिली सुमारे 15 वर्षं धोका वाढलेला दिसत नाही, आणि बहुतेकांना हा कॅन्सर कधीच होत नाही. पण अल्सरवरची आजची औषधं येण्याआधी, सत्तर-ऐंशीच्या दशकात ज्यांची ऑपरेशनं झाली, त्यांची 15 वर्षं केव्हाच उलटून गेली आहेत. आज सत्तरीत असलेले ते हेच लोक.

तुकडा काढल्याने हा कॅन्सर पसरत नाही. चिमट्याने अस्तराचे दोन-तीन मिलिमीटरचे तुकडे घेतात, बस. माणूस उशिरा येतो, आजार आधीच पसरलेला असतो आणि दोष तपासणीच्या माथी जातो.

बी12 लूट नाही. ते शोषायला लागणारा घटक जठराचं अस्तरच बनवतं, आणि जठर कापल्यावर तो कमी पडतो. इंजेक्शन बंद केलं की शरीरातला साठा हळूहळू संपतो, मग पायांना मुंग्या आणि रक्तक्षय.

तपासणीला जाताना नेहमीचं "रात्री जेवून सकाळी उपाशी" इथे पुरत नाही. कापलेलं जठर नीट रिकामं होत नाही. भाताचा लगदा जोडावर बसला की खालचा व्रण झाकला जातो. आदल्या दिवशी संध्याकाळपासून पेज, ताक असं पातळच घ्या, आणि किती तास काहीच घ्यायचं नाही हे डॉक्टरांकडून नक्की करून घ्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा, स्वतःहून बंद करू नका. "जोड दिसायला ठीक असला तरी कडेने चारी बाजूंचे तुकडे घ्याल ना?" हे विचारायला लाजू नका.

थोडं खाऊन पोट भरणं, उलट्या, वजन घटणं, काळी शौच यांवर "ऑपरेशनपासून असंच आहे" म्हणून पडदा टाकू नका. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, पण ते डॉक्टरांना ठरवू द्या. केईएम, सायन, नायर या पालिकेच्या रुग्णालयांत एंडोस्कोपी होते. जाताना ट्रंकेतलं जुनं डिस्चार्ज कार्ड शोधून न्या: ऑपरेशनचं वर्ष, अल्सर जठरात होता की आतड्याच्या सुरुवातीला, आणि जोड कोणत्या पद्धतीचा, हे तिन्ही त्यावर सापडण्याची शक्यता आहे.