शिंगणापूरचा निकाल स्वराज्यावर घाला नव्हता

‘धर्माच्या बाबतीत निकाल द्यायचा अधिकार न्यायालयाला नाही. लोकांनी न निवडलेले न्यायाधीश कोट्यवधींच्या श्रद्धेवर हुकूम चालवतात, मग हे स्वराज्य कसलं?’ अशा आशयाचा लांबलचक मजकूर व्हॉट्सअॅपवर फिरतोय. मी दुर्लक्ष करत होते. परवा तो मामांकडून आला, खाली त्यांची ओळ: ‘शंभर टक्के खरं.’ मामा जन्मभर पंढरीची वारी करणारे. त्यांना हे पटावं, म्हणून लिहायला बसले.

मजकुराचा सगळा भार शनिशिंगणापूरवर आहे, जिथे शनीच्या चौथऱ्यावर बायकांना जाऊ देत नसत. २०१६ साली न्यायालयाने म्हणे ‘लोकांची परंपरा लोकांना न विचारता मोडली’. धादांत चुकीचं. मुंबई उच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१६ ला नवा नियम काढलाच नव्हता. विद्या बाळ आणि अॅड. नीलिमा वर्तक यांनी जनहित याचिकेत बोट ठेवलं ते १९५६ च्या कायद्यावर. हिंदूंच्या सार्वजनिक पूजास्थळी कुणाही हिंदूला प्रवेश नाकारू नये, नाकारला तर सहा महिन्यांपर्यंत कैद, असा तो कायदा. केला कुणी? आपणच निवडून दिलेल्या विधिमंडळाने. तो मुख्यतः दलितांना देवळांची दारं उघडावीत म्हणून झाला, हे खरं. पण स्त्री-पुरुष भेदभावाला आमचा पाठिंबा नाही, असं सरकारनेही न्यायालयात सांगितलं. मग न्यायालय सरकारला एवढंच म्हणालं, की तुमचा कायदा आहे, तुम्ही राबवा. गुढीपाडव्याला, ८ एप्रिलला, देवस्थानाने त्या उघड्या चौथऱ्यावर बायकांना जाऊ दिलं. लोकांच्या प्रतिनिधींनी केलेला कायदा साठ वर्षं धूळ खात पडला होता. तो पाळायला लावणं हा स्वराज्यावर घाला असेल, तर विधानसभेला मतदान तरी कशाला करायचं?

आणि मामा, पंढरपूर आठवा. विठ्ठलमंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजी १९४७ च्या मे महिन्यात तिथे उपोषणाला बसले तेव्हा विरोध करणारेही ‘आमचा धर्म, आमची परंपरा’ असंच म्हणत होते. तिथल्या बडवे-उत्पात या पुजारी घराण्यांच्या वंशपरंपरागत हक्कांबद्दल वारकरी वर्षानुवर्षं कुरकुरत होते. तुम्हीही कुरकुरत होतात, मी ऐकलंय. ते हक्क संपवणारा कायदा १९७३ चा, पण कज्जा शेवटी मिटला जानेवारी २०१४ मध्ये, सर्वोच्च न्यायालयात. त्याच वर्षी मंदिर समितीने पुजारीपदासाठी सर्व जातींतून अर्ज मागवले, बायकांचेही. तेव्हा तुम्हाला न्यायालय परकं वाटलं नव्हतं.

‘न्यायालयं ही इंग्रजांची उसनवारी’ हा पुढचा मुद्दा. इंग्रजांआधी आपल्याकडे न्याय होता, हे मान्य. पण शिवकाळात गावचा तंटा गोतसभेपुढे, म्हणजे गावकऱ्यांच्या सभेपुढे, जायचा. तिच्या महजरावर, म्हणजे निवाड्याच्या कागदावर, बलुतेदारांच्या निशाण्या सापडतात, कुणब्याचा नांगर, शिंप्याची कात्री. एकट्या धर्मगुरूने निकाल द्यायचा, ही मजकुरातली कल्पना त्या कागदांत बसत नाही.

‘फक्त हिंदूंनाच हात लावतात’ याला उत्तर दोन ओळींचं. हाजी अलीच्या दर्ग्यात बायकांना प्रवेश देणारा निकाल मुंबई उच्च न्यायालयाचाच, २०१६ च्याच ऑगस्टमधला. तिहेरी तलाक सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला २०१७ च्या ऑगस्टमध्ये.

‘खरा धर्मपुरुष कोर्टाची पायरी चढत नाही’ हे तर लिहिणाऱ्याचं अज्ञान. राज्यघटनेची मूलभूत चौकट संसदेलाही मोडता येणार नाही, हे तत्त्व ज्या खटल्यातून आलं त्यातले याचिकाकर्ते केशवानंद भारती, केरळातल्या एडनीर मठाचे अधिपती. मठाच्या जमिनींसाठी ते न्यायालयात गेले. २४ एप्रिल १९७३ ला तेरा न्यायाधीशांनी सात विरुद्ध सहा असा निकाल दिला.

एक गोष्ट नाइलाजाने मान्य करते. धर्मातली कुठली प्रथा ‘अत्यावश्यक’ आणि कुठली नाही, हे न्यायाधीशांनी ठरवायचं, ही पद्धत मलाही खटकते. शबरीमलाच्या मंदिरात सर्व वयाच्या बायकांना प्रवेश देणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालात न्या. इंदू मल्होत्रा यांनी वेगळं मत नोंदवलं ते याच अंगाने. त्यांचा निष्कर्ष मला पटत नाही, पण शंका रास्त आहे. मात्र न्यायालय चुकू शकतं म्हणून त्याला अधिकारच नाही, असं होत नाही.

खरी भीती वाटते ती मजकुराच्या शेवटच्या वाक्याची: ‘समाजाच्या धर्मसभेचा निर्णय हाच अंतिम, त्यावर दाद नाही.’ जातपंचायती हेच सांगून दंड उकळतात, कुटुंबं वाळीत टाकतात. लग्नाला कुणी यायचं नाही, मयताला खांदा द्यायचा नाही. १९४९ मध्ये मुंबई प्रांताने बहिष्काराविरुद्ध कायदा केला होता. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला, बोहरा धर्मगुरूंच्या याचिकेवर, धर्मस्वातंत्र्याच्याच नावाने. म्हणजे न्यायालय नेहमी धर्माच्या विरोधात जातं, हेही खोटं. तो निकाल मला चुकीचा वाटतो. म्हणून मी न्यायालय बंद करा म्हणत नाही. विधिमंडळाने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध पुन्हा कायदा केला, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंडाची तरतूद असलेला. जुलै २०१७ पासून तो लागू आहे. वाळीत पडलेल्या बाईला आज पोलीस ठाण्यात आणि कोर्टात जाता येतं ते त्याच्या जोरावर. ‘दाद नाही’ म्हणणारा मजकूर तिची तेवढी वाट बंद करायला निघालाय. मामा, तो पुढे पाठवू नका, आणि ज्यांना पाठवलात त्यांना हे पाठवा.