"गिफ कशाला, सरळ व्हिडिओ टाका ना" या कमेंटला उत्तर

नमस्कार, एवढं सविस्तर लिहिलंत, मजा आली वाचायला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की टर्मिनलचा (कमांड टाइप करायच्या खिडकीचा) डेमो दाखवायला गिफ म्हणजे १९८७ सालचा फॉरमॅट उकरून काढणं, २५६च रंग, फाइल जड, मध्येच थांबवता येत नाही, कमांड कॉपी करता येत नाही, मग सरळ स्क्रीन रेकॉर्ड करून एमपी४ का टाकत नाही. यातलं थांबवण्याचं आणि कॉपीचं शंभर टक्के मान्य, व्हिडिओचं अजिबात नाही.

मुळात मी स्क्रीन रेकॉर्डच करत नाही हो. अ‍ॅस्किनेमा हे मी वापरतो ते रेकॉर्डिंगचं टूल स्क्रीनचा फोटो काढत नाही, टर्मिनलकडे जो मजकूर जातो तो वेळेसकट लिहून ठेवतं. ती कास्ट फाइल (म्हणजे या नोंदीची फाइल) एकदा एडिटरमध्ये उघडून बघाच. व्हर्जन २ असेल तर पहिल्या ओळीत खिडकीची रुंदी-उंची वगैरे, आणि पुढे प्रत्येक ओळ म्हणजे चौकोनी कंसात तीन गोष्टी: सुरुवातीपासून किती सेकंदांनी, आउटपुट की दुसरं काही, आणि नेमका मजकूर, रंग ठरवणाऱ्या एस्केप कोडसकट. बास. ही माझी मूळ प्रत, गिफ तिची फक्त छापील कॉपी. उद्या फॉन्ट मोठा हवा, थीम पांढरी हवी, तर परत काही टाइप न करता त्याच फाइलवर एजीजी (कास्टचं गिफ करणारं टूल) चालवायचं, झालं. पॅकेज डाउनलोड होईपर्यंतचा कंटाळवाणा वेळही तिथेच कापला जातो, एजीजी आपणहून पाच सेकंदांपेक्षा मोठा थांबा ठेवत नाही, मी तो दोनवर आणतो.

आणि समजा एखादा टोकन (पासवर्डसारखी गुप्त किल्ली) चुकून स्क्रीनवर छापला गेला, तर कास्टमध्ये ग्रेप (मजकूर शोधायची कमांड) मारून सापडतो आणि तिथल्या तिथे बदलता येतो. व्हिडिओत तुम्ही काय करणार, ब्लर लावत बसणार? (हां, हे छापून आलेल्या आउटपुटपुरतं. हाताने टाइप केलेली कमांड शोधायला गेलात तर एकेक अक्षर वेगळ्या ओळीत विखुरलेलं असतं, तिथे ग्रेप हात टेकतो. सुडोचा, म्हणजे अ‍ॅडमिनच्या हक्काने कमांड चालवतानाचा, पासवर्ड मात्र मुळात स्क्रीनवरच येत नाही म्हणून फाइलमध्येही येत नाही.)

रंगांचं म्हणाल तर टर्मिनलमध्ये असतात किती रंग? नेहमीचे सोळा, आणि अक्षरांच्या कडा गुळगुळीत करायला लागणाऱ्या त्यांच्या छटा. २५६ मध्ये आरामात बसतं सगळं. उलट नेहमीचा एमपी४ रंगाची माहिती अर्ध्या रिझोल्यूशनवर साठवतो, त्यामुळे काळ्यावर लाल रंगातली बारीक एरर हमखास फरफटलेली दिसते, चेहऱ्याच्या व्हिडिओत हे कळतही नाही पण अक्षरांत लगेच डोळ्यात येतं. फाइल जड होते ती बहुतेक वेळा पूर्ण स्क्रीनभर लॉग धावत असतो तेव्हा. नुसता प्रॉम्प्ट (कमांड टाइप करायची ओळ) आणि चार ओळी बदलत असतील तर तेवढाच तुकडा नवीन साठवायचा असतो, बाकी काळं मैदान गिफमध्ये छान दाबलं जातं.

मग अ‍ॅस्किनेमाचा प्लेयरच का नाही, त्यात थांबवताही येतं आणि मजकूर सिलेक्टही होतो? माझ्या साइटवर तोच लावतो. पण गिटहबच्या रीडमीत (प्रोजेक्टच्या ओळखपानावर) जावास्क्रिप्ट चालत नाही, तिथे इमेज चालते. व्हिडिओही चालतो म्हणा, पण तो त्यांच्याकडे वेगळा अपलोड करावा लागतो, गिफ कसं, रेपोतच (प्रोजेक्टच्या फोल्डरात) कोडच्या शेजारी पडून राहतं.

थांबवता न येण्याचं खरंच त्रासदायक आहे. वेब अ‍ॅक्सेसिबिलिटीचे नियमही हेच सांगतात की आपोआप सुरू होऊन पाच सेकंदांपेक्षा जास्त हलत राहणारी गोष्ट थांबवायची सोय द्या. म्हणून गिफ छोटं ठेवायचं, शेवटची फ्रेम जरा जास्त वेळ धरायची, आणि खाली सगळ्या कमांड कोड ब्लॉकमध्ये द्यायच्याच, त्याला पर्याय नाही.

एका ठिकाणी मात्र मी तुमच्याच बाजूने आहे: आउटपुट मराठीत असेल तेव्हा. टर्मिनल म्हणजे चौकटींची जाळी, तिथे 'क्षि' किंवा 'र्‍या' नेमकं किती चौकटी खाणार यावर टर्मिनलांचंच एकमत नाही, आणि गिफ बनवणारं टूल परत स्वतःच्या हिशोबाने अक्षरं मांडतं, त्यामुळे तुमच्या खिडकीत नीट दिसलेलं जोडाक्षर गिफमध्ये फुटू शकतं. तिथे खुशाल स्क्रीन रेकॉर्ड करा, मीही तेच करतो.