शमीला हात लावण्याआधी

दसरा जवळ आला की आमच्या घरच्या ग्रुपवर तोच वाद पेटतो. ग्वाल्हेरच्या चुलतबहिणीने लिहिले, ‘पाने ओरबाडू नका, यंदा सोने म्हणून रोप द्या.’ काकांचे उत्तर लगेच आले, ‘आमच्याच सणांवर बोट का? पिढ्यान्‌पिढ्या सोने लुटतोय, झाडे संपली का?’ मेलबर्नला राहून या वादात पडू नये, असे मला दर वर्षी वाटते. पण काका माझ्या लहानपणीच्या दसऱ्याचा दाखला देतात, म्हणून यंदा बोलते.

तो दसरा मला लख्ख आठवतो. ग्वाल्हेरच्या कंपू भागातल्या टेकडीवर, मांढरे की माता या देवळापाशी, संध्याकाळी शिंदे घराण्याचे शमीपूजन होते. फांदीला तलवार लागली की पाने गळतात आणि लोक सोने लुटायला धावतात. बाबांचा हात सोडून मीही घुसले होते. शमीचे पान आपट्यासारखे जोडपान नव्हे. बारीक बारीक पानोळी, मुठीत धरली की घामाने चिकटते, आणि डहाळीचा काटा बोटात रुततो. घरी आईने मूठ उघडली, काटा काढला, चार पाने देवापुढे ठेवली आणि उरलेली तुळशीच्या मुळाशी घातली. घरातल्या सगळ्यांना ती चारच पुरली.

काकांचा अभिमान मला परका नाही. ग्वाल्हेरातल्या आमच्या लष्कर भागाचे नावच दौलतराव शिंद्यांच्या छावणीवरून पडले; १८१० मध्ये त्यांनी उज्जैन सोडून तिथे तळ दिला. पावसाळा सरला, नद्या उतरल्या की मराठ्यांच्या फौजा दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेवर निघत. शमी त्या दिवसाची, शस्त्रांची. पण शमीची गोष्ट काय सांगते? अज्ञातवासाला विराटनगरीत शिरण्यापूर्वी पांडवांनी शस्त्रे शमीवर लपवली आणि लोकांनी जवळ येऊ नये म्हणून झाडाला प्रेत बांधले. वर्षभर त्या झाडाला कोणी हात लावला नाही, म्हणून तर अर्जुनाला गांडीव परत मिळाले.

दुसरी गोष्ट कौत्साची. वरतंतू गुरूंनी या शिष्याकडे चौदा कोटी मोहरा दक्षिणा मागितली, म्हणून तो रघुराजाकडे गेला. रघुराजाने विश्वजित यज्ञात सर्वस्व देऊन टाकले होते, तरी याचकाला रिकामे पाठवायचे नाही म्हणून तो कुबेरावर चालून जायला निघाला. कुबेराने सोन्याचा पाऊस पाडला. कौत्साने चौदा कोटी मोजून घेतल्या, वर एक मोहर घेईना. उरलेले सोने रघूही ठेवून घेईना. आपट्याखालचे ते सोने लोकांनी नेले, असे आजी सांगायची. घेणारा आणि देणारा, दोघांनीही जास्तीचे नाकारले, त्या गोष्टीच्या नावाने आपण फांद्याच्या फांद्या तोडतो! पुण्याला मामेभावाकडे तर आपटा म्हणून कांचनाचेही भारे विकायला येतात आणि दुसऱ्या दिवशी रस्त्याकडेला वाळत पडतात. याला परंपरा म्हणायला माझे मन धजत नाही, काका.

इकडे पहिल्या वर्षी आईने पाकिटात घालून दिलेले पान मी विमानतळावर दाखवले, आणि ते काढून घेतले गेले. बाहेरची पाने या देशात आणता येत नाहीत, इथल्या झाडांना रोग लागू नये म्हणून. तेव्हा रडू आले होते. आता तो नियम मला पटतो. पण त्या नियमाने दसरा होत नाही. इथे मंडळाचा कार्यक्रम सोयीच्या रविवारी असतो, मुले पिवळ्या कागदाची पाने कापतात, आणि दाराशी येऊन ‘सोने घ्या, सोन्यासारखे राहा’ म्हणणारे शेजारी नसतात. वाकून नमस्कार करायला घरात वडीलधारे कोणी नाही. आपट्याच्या श्लोकात त्या झाडाला ‘महावृक्ष’ म्हटले आहे आणि मागितले आहे, ‘इष्टानां दर्शनं देहि’, माझ्या माणसांची भेट घडव. ते मागणे मला इथे आल्यावर कळले.

म्हणून बहिणीच्या बाजूने माझे मत, आणि काकांना एक विनंती: यंदा भारा आणू नका. एक डहाळी आणा, घरात फिरवा. त्यातले एक पान आईच्या पोथीत ठेवा. डिसेंबरात मी येते आहे, तेव्हा तुमच्या हातून घेईन आणि पाया पडेन.