‘मेंदूत ७ गोष्टी मावतात’वाल्या मेसेजचं एकेक बघू

सध्या एक मेसेज जिकडेतिकडे फिरतोय, तुम्हालाही आला असेल. त्यात चार दावे आहेत. मेंदूत एका वेळी ७ गोष्टी मावतात हे विज्ञानाने सिद्ध केलंय. वर्किंग मेमरी म्हणजे शॉर्ट टर्म मेमरीचंच नवं नाव. त्यावर काम करणाऱ्यांनी अख्खी करिअर लोकांकडून आकडे पाठ करून घेण्यात घालवली, उपयोग शून्य. आणि मूल विसराळू असेल तर रोज २० मिनिटं मेमरी गेम द्या, बुद्धिमत्ता वाढते. चांगली शिकलेली माणसं हे विश्वासाने पुढे ढकलतायत आणि त्यावरून मुलांबद्दल निर्णय घेतायत, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

‘७ गोष्टी मावतात हे सिद्ध झालंय’

हा ७ आकडा मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांच्या १९५६ च्या पेपरमधला. पण त्याच पेपरच्या शेवटी मिलर स्वतः सांगतात की हा ७ ठिकठिकाणी दिसतो तो बहुधा योगायोग असावा, त्यामागे काही खोल नियम आहे असं त्यांना वाटत नव्हतं. त्यांचा खरा मुद्दा होता चंकचा, म्हणजे सुट्या गोष्टी जोडून केलेल्या अर्थपूर्ण गटाचा. १९४५१९६९१९८९ हे १२ आकडे सुटे सुटे धरायला गेलात तर निसटतील, पण १९४५, १९६९, १९८९ अशी तीन सालं म्हणून बघा, आरामात राहतात. म्हणजे किती मावतं हे तुम्हाला आधीपासून काय माहीत आहे त्यावर ठरतं. पुढे २००१ मध्ये नेल्सन कोवान यांनी खूप सारे प्रयोग एकत्र मांडून दाखवलं की मनात घोकायला आणि गट पाडायला वाव ठेवला नाही तर आकडा ३ ते ५ च्या आसपास येतो. ७ वर एवढंच पुरे.

‘वर्किंग मेमरी हे नुसतं नवं नाव आहे’

सगळ्यात जास्त खटकलं ते हे, कारण ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन बॅडली यांचं अख्खं करिअर याच फरकावर उभं आहे. शॉर्ट टर्म मेमरी म्हणजे माहिती थोडा वेळ नुसती धरून ठेवणं, वर्किंग मेमरी म्हणजे ती धरून ठेवत तिच्यावर विचारही करणं.

१९६० च्या दशकात मानलं जायचं की शॉर्ट टर्म मेमरी हा एक कप्पा आहे, माहिती आधी तिथे येते आणि मग लाँग टर्ममध्ये जाते. मग १९६९ मध्ये वॉरिंग्टन आणि शॅलिस यांनी एका पेशंटबद्दल लिहिलं, त्याला केएफ म्हणतात. त्याला एका वेळी एक-दोन आकडेच ऐकून परत सांगता यायचे, पण नवीन गोष्टी तो व्यवस्थित शिकत होता. दारच बंद असेल तर माल आत गेला कुठून?

मग बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी साधा प्रश्न विचारला, की ही मेमरी असते कशासाठी? विचार करताना ती लागत असेल तर ती भरून टाकली की विचार ठप्प व्हायला हवा. म्हणून त्यांनी लोकांना आकडे मोठ्याने म्हणत ठेवायला सांगितलं आणि त्याच वेळी समोर वाक्य दाखवलं, समजा ‘ए हा बीच्या आधी येत नाही’ आणि शेजारी ‘बीए’, सांगा बरोबर की चूक. (तोंडाने ६ आकडे म्हणत हे करून बघा, किती जड जातं ते लगेच कळेल.) नंतरच्या प्रयोगांत ओझं ८ आकड्यांपर्यंत नेलं तेव्हा वेळ साधारण दीडपट लागला, पण चुका ५ टक्क्यांच्या आसपासच राहिल्या. कप्पा काठोकाठ भरलेला आणि डोकं तरी चालतंय, हे एकाच कप्प्याच्या हिशोबात बसत नाही.

म्हणून १९७४ मध्ये त्यांनी वेगळी रचना मांडली, आवाज धरून ठेवणारा फोनॉलॉजिकल लूप, दिसणाऱ्या गोष्टींसाठी व्हिज्युओस्पेशियल स्केचपॅड, आणि लक्ष कुठे द्यायचं ते बघणारा सेंट्रल एक्झिक्युटिव्ह. लूप खरंच आवाजावर चालतो याचा पुरावा १९७५ मध्ये आला, लांब शब्दांची यादी छोट्या शब्दांपेक्षा कमी लक्षात राहते, साधारण २ सेकंदांत जितकं बोलता येतं तितकंच टिकतं. आणि वाचताना तोंडाने एकच शब्द सतत पुटपुटत राहिलात तर लांब-छोट्याचा फरकच नाहीसा होतो.

आणि हे मॉडेल काही दगडावरची रेघ नव्हती. सुटे शब्द पाचेक आठवतात पण वाक्यात असले तर पंधराएक आठवतात, याचं उत्तर जुन्या तीन भागांत नीट मिळत नव्हतं, म्हणून २००० मध्ये, म्हणजे २६ वर्षांनी, बॅडलींनी स्वतःच्याच मॉडेलमध्ये एपिसोडिक बफर, म्हणजे वेगवेगळी माहिती एकत्र जोडून धरणारा चौथा भाग घातला. स्वतःचंच मॉडेल असं बदलणं मला फार मोठं वाटतं.

‘उपयोग शून्य’

बॅडली १९७४ ते १९९५ केंब्रिजच्या अ‍ॅप्लाइड सायकॉलॉजी युनिटचे प्रमुख होते, नावातच अ‍ॅप्लाइड आहे. टपाल कर्मचाऱ्यांना टायपिंग कसं शिकवावं, डायव्हर्सना पाण्याखाली शिकलेलं वर आल्यावर कमी का आठवतं, असली कामं त्यांनी केली. मेंदूला इजा झालेल्या लोकांची रोजच्या जगण्यातली स्मृती तपासणारी रिव्हरमीड टेस्ट १९८५ मध्ये आली, ती बार्बरा विल्सन आणि कॉकबर्न यांच्यासोबत त्यांनीच केली.

आणि लूपचा उपयोग काय, तर १९८८ मध्ये पापान्यो आणि वालार यांच्यासोबत पीव्ही नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका इटालियन पेशंटवर काम झालं. तिचा हाच भाग बिघडलेला. ओळखीच्या इटालियन शब्दांच्या जोड्या ती इतरांसारख्याच शिकली, पण ऐकवलेले अनोळखी रशियन शब्द तिला शिकताच आले नाहीत. म्हणजे हा लूप नवीन शब्द शिकायला लागतो, मूल भाषा शिकतं तेव्हाही. हे ‘आकडे पाठ करण्यातून’च कळलं.

‘गेम खेळा, बुद्धिमत्ता वाढते’

याचं मूळ २००८ च्या जेगी आणि सहकाऱ्यांच्या पेपरमध्ये आहे, त्यात ड्युअल एन-बॅक नावाच्या सरावाने (आत्ता दिसलेलं आणि ऐकलेलं काही पायऱ्यांपूर्वीच्याशी जुळतं का हे सतत ओळखायचं) बुद्धिमत्तेच्या चाचणीत सुधारणा दिसली. पण तुलनेसाठी घेतलेल्या गटाने मधल्या काळात दुसरा कसलाच सराव केलेला नव्हता. २०१३ मध्ये रेडिक आणि सहकाऱ्यांनी दुसऱ्या गटालाही वेगळा सराव दिला, तेव्हा बुद्धिमत्तेत काही फरक दिसला नाही. लोक गेममध्ये सुधारतात हे खरंच आहे, पण सुधारणा गेमपाशीच राहते. १९८० मध्ये एरिक्सन, चेस आणि फालून यांनी एका विद्यार्थ्याला २३० तासांहून जास्त सराव दिला होता, तो ७ वरून ७९ आकड्यांपर्यंत गेला, कारण पळण्याच्या शर्यतींच्या वेळा म्हणून तो आकड्यांचे गट पाडायचा. मग त्याला अक्षरं दिली. परत ६ वर! आणि २०१६ मध्ये ल्युमॉसिटी या मेंदूच्या गेमच्या अ‍ॅपच्या कंपनीने अमेरिकेत फसव्या जाहिरातींच्या आरोपावरून २० लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं.

मग विसराळू मुलाचं काय करायचं? सुझन गॅदरकोल यांनी वर्किंग मेमरी कमी असलेल्या मुलांवर बरीच वर्षं काम केलंय, आणि त्यांचा भर मुलाला घासूनपुसून तयार करण्यापेक्षा त्याच्यावरचं ओझं कमी करण्यावर आहे. ‘वही काढ, तारीख टाक, पान उलट आणि तिसरं गणित सोडव’ असं एका दमात सांगितलं की मूल अर्ध्यात थांबतं आणि आपण म्हणतो लक्ष नाही, ऐकत नाही, आळशी आहे. सूचना तोडून द्या, छोटी वाक्यं वापरा, पायऱ्या समोर लिहून ठेवा, विसरलं तर न रागावता परत सांगा. याला कुठलंही अ‍ॅप विकत घ्यावं लागत नाही.