बाई, मशीन बिघडलंय की ओ!

शहापूर, वडगाव, अनगोळ, टिळकवाडी, बेळगावातल्या कुठल्याही शिवणक्लासच्या दारात पाच मिनिटं थांबा. आतलं काही दिसायच्या आधी ऐकू येतं: "बाई, मशीन बिघडलंय की ओ!" मी क्लास घेते, त्यामुळं या वाक्यावर माझं मत ठाम आहे. मशीन बिघडलेलं नसतं. काळं, पायानं चालवायचं, आजीच्या लग्नात आलेलं ते धूड बिघडायचं म्हटलं तरी त्याच्यात बिघडण्यासारखं फार काही नाही. टोकाशी भोक असलेली सुई आणि खालचा दोरा घेऊन ये-जा करणारं शटल, या जोडीचं पेटंट अमेरिकेत एलायस हाव यांनी १८४६ साली घेतलं, आयझॅक सिंगर यांनी आपलं १८५१ साली. वरचा दोरा खाली जातो, खालच्या दोऱ्याला अडकवून घेतो आणि वर येतो. पावणेदोनशे वर्षं हेच काम बिनबोभाट चाललंय. बिघाड स्टुलावर बसलेला असतो.

पहिला बिघाड पायात. नवीन मुलगी दोन्ही पाय पायडलवर ठेवते आणि घाईनं दाबते. चाक उलटं फिरतं, दोरा तटकन तुटतो, आणि सगळा क्लास मान वळवून बघतो. खरी रीत अशी की उजव्या हातानं वरचं चाक आपल्या अंगाकडं ओढायचं, ते फिरायला लागलं की मगच पाय द्यायचा, आणि टाच-चवडा आळीपाळीनं. पहिले काही दिवस सुईत दोरा घालायचाच नाही. रेघांच्या वहीचा कागद फूटखाली, म्हणजे कापड दाबून धरणाऱ्या लोखंडी पायाखाली, घ्यायचा आणि रेघेवर नुसती भोकं पाडत जायचं. सरळ रेघ जमली की चौकोन, मग नागमोडी, मग गोगलगाय. चौकोनाच्या कोपऱ्यावर सुई कागदात रुतलेली ठेवून फूट उचलायचा, कागद वळवायचा, फूट खाली. सुई वर असताना वळवलं की कोपरा गोल होतो. या कामाला जुनी सुई वेगळी ठेवावी, कागदानं सुई बोथट होते. "बाई, आम्ही झंपर शिकायला आलोय, वही शिवायला नव्हं," ही कुरकुर धरूनच चालायचं.

दुसरी तक्रार म्हणजे खालून जाळं येतंय. कापडाच्या खालच्या अंगाला दोऱ्याचा गुंता दिसला की हात हमखास बॉबिनकडं, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या बारक्या रिळाकडं जातो. बॉबिन काढतात, फुंकतात, पुन्हा घालतात, शेजारणीची मागून आणतात. गुंता खाली दिसतो, पण गुन्हा वर घडलेला असतो. वरचा दोरा ताणाच्या दोन चकत्यांमध्ये बसलेलाच नसतो, किंवा वरखाली होणाऱ्या दांडीच्या भोकातून ओवायचा राहिलेला असतो. नाहीतर फूट खाली सोडायचाच विसर पडलेला असतो. फूट वर असला की चकत्या सैल पडतात आणि दोऱ्याला कुणी वालीच उरत नाही. म्हणून वरचा दोरा पुरता काढून, फूट वर ठेवून, रिळापासून सुईपर्यंत पुन्हा ओवायचा, आणि सुरुवात करताना दोन्ही दोऱ्यांची तीन-चार इंच टोकं मागं धरून ठेवायची. उलट, खालचा दोरा वर ठिपक्यांसारखा दिसायला लागला तर वरचा ताण जास्त झालाय, स्क्रू थोडा सैल करावा. बॉबिन जिच्यात बसते त्या डबीचा, म्हणजे बॉबिन केसचा ताण बघायला केस दोऱ्याला लोंबकळत धरायची आणि हलकासा झटका द्यायचा. थोडीशी उतरून थांबली तर ठीक. सरसर खाली आली तर सैल, हललीच नाही तर आवळलेली. केसवरचा तो बारका स्क्रू पाव आट्याहून जास्त फिरवायचा नाही, आणि फिरवताना खाली ताट ठेवायचं. तो स्क्रू एकदा जमिनीवर पडला की केरसुणीलाच सापडतो, तेही सहा महिन्यांनी.

टाके सुटतात? सुई उलटी बसलेली किंवा वाकलेली. सुईच्या एका अंगाला लांब खाच असते, दोरा त्याच बाजूनं भोकात जातो. ती चुकली की मशीन दहा टाके घालतं आणि चार गाळतं. नंबरही बघावा: जॉर्जेट, रेशमाला ११, साध्या सुती ब्लाउजला १४, जाड कापडाला १६, जीन्सला १८. आमच्याकडं एकच सुई रेशमी साडीपासून भाऊजींच्या जीन्सपर्यंत सगळ्यांना पुरवतात आणि मोडली की सुईवाल्याला शिव्या देतात. खरं तर सुई मोडते ती बहुतेक वेळा कापड मागून ओढल्यानं. कापड पुढं न्यायला खाली दाते दिलेत. आपण नुसती दिशा दाखवायची.

तेलाचा विषय निघाला की माझा आवाज चढतो. मशीनला मशीनचंच तेल. खोबरेल घातलं की थंडीत थिजतं, खाण्याचं तेल चिकट होऊन बसतं, आणि मग चाक फिरवायला दोघी लागतात. असं घट्ट झालेलं मशीन रॉकेल सोडून, न शिवता चालवून, पुसून काढायचं आणि मग प्रत्येक भोकात मशीनच्या तेलाचा एकेक थेंब. रॉकेलजवळ अर्थातच काडी-दिवा नको. तेल दिल्यावर पहिल्या दोन-चार टिपा चिंधीवर माराव्यात, पाहुण्यांच्या पांढऱ्या झब्ब्यावर नको.

आणि बेळगावचा पाऊस! जून ते सप्टेंबर इथं कपडे वाळत नाहीत, सुया गंजतात, आणि दोन्ही चाकांवरचा चामड्याचा पट्टा ओल धरून लांब होतो. पायडल चालतं, खालचं चाक चालतं, वरचं ढिम्म. तेव्हा पट्ट्याची पिन पकडीनं उघडून अर्धा इंच कापायचा, दाभणानं नवं भोक पाडून पिन परत दाबायची. एक इंच कापाल तर उन्हाळ्यात पायडल दगडासारखं जड लागेल. सुया टाल्कम पावडरच्या डबीत खुपसून ठेवाव्यात.

या सगळ्यात क्लासला परदेशी मिशनरी कुटुंबातली मॅडम आली, तर तिचे प्रश्न वेगळे. बेळगावला अशी कुटुंबं काही नवी नाहीत. लंडन मिशनरी सोसायटीची माणसं इथं १८२० साली आली, आणि १९०४ च्या सुमारास ते काम अमेरिकेतल्या मेथडिस्ट पंथाच्या मिशनकडं गेलं. त्या काळच्या मिशनच्या मुलींच्या शाळांतून वाचन-लेखनाच्या जोडीला शिवणकाम असायचंच, आणि ते बघायच्या बहुतेक वेळा मिशनऱ्यांच्या बायका. म्हणजे तेव्हा शिकवायला त्या बसायच्या, आता शिकायला बसतात. आमच्या बायकांना याचा फार आनंद होतो. मॅडम "अक्का, हे बघ की" म्हणाली की अर्धा क्लास आपलं काम टाकून तिच्या मशीनवर ओणवा होतो, आणि प्रत्येकीचा सल्ला निराळा.

मॅडमचं पहिलं दुखणं विजेचं. अमेरिकेतून घरचं लाडकं इलेक्ट्रिक मशीन आणलेलं असतं, ते १२० व्होल्टचं. इथं भिंतीत २३० व्होल्ट. बाजारातून पिन बदलणारा अडॅप्टर आणतात, पिन झकास बसते, मशीनचा बल्ब सूर्यासारखा पेटतो, मोटर कधी नव्हे ती सुसाट पळते आणि मग वास येतो. अडॅप्टर फक्त पिनचा आकार बदलतो, व्होल्ट नाही. त्याला व्होल्ट उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लागतो. मशीनच्या पट्टीवर किती वॅट लिहिलेत ते बघून त्याच्या दीडपट-दुप्पट ताकदीचा घ्यावा. इंग्लंडहून आलेल्यांना ही पंचाईत नाही, तिथला करंटही २३०चाच. त्यांना नुसती पिन पुरते. पण पावसात लाईट गेली की लंडन आणि न्यूयॉर्क दोघंही सारखेच, आणि खिडकीजवळचं पायाचं मशीन खडखडत चालूच.

दुसरं दुखणं कागदाचं. तिकडं मापाचे तयार कागदी पॅटर्न मिळतात. अमेरिकेत बटरिक यांनी १८६३ साली निरनिराळ्या मापांचे असे कागद काढले, आणि आता तिकडच्या बायका पाकीट फोडून शिवतात. पातळ टिश्यूचा तो कागद आमच्या छताच्या पंख्याखाली पसरला की खोलीभर पतंग. त्यावर शिलाईची माया, म्हणजे टिपेबाहेर सोडायचं जादा कापड, आधीच धरलेली असते, बहुधा पाच अष्टमांश इंच, म्हणजे दीड सेंटिमीटर. आमच्या बायका सवयीनं वर आणखी दीड इंच सोडतात. मग मुलीचा फ्रॉक आईला येतो. पाकिटावरचा नंबर दुकानातल्या तयार कपड्याच्या नंबराशी जुळत नाही, हेही मॅडमला इथं येऊनच कळतं, कारण तिथं तिनं ते पाकीट कधी फोडलेलंच नसतं.

मॅडमला खरी गरज असते मुलांच्या कपड्यांची. शाळेचा युनिफॉर्म दोन जोड पुरत नाही, पावसात तीन लागतात. वाढत्या पोरांसाठी चड्डीला आणि स्कर्टला खाली तीन इंचांची दुमड ठेवावी आणि हातानं हेम घालावं, म्हणजे पुढच्या जूनमध्ये उसवून सोडता येते. मशीनची टीप उसवली की कापडावर भोकांची रांग राहते आणि सगळ्या वर्गाला कळतं. सुती कापड कापण्याआधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्यावं. हे मॅडम मुकाट करते. आमच्यातली "बघू की" म्हणते.

ब्लाउजच्या अस्तरानं सगळ्यात जास्त बायकांना रडवलंय ते याच "बघू की"पायी. अस्तर रात्रभर भिजवलं नाही, तर पहिल्या धुण्यात ते आत आटतं आणि वरचं कापड चुण्या पडून फुगतं. दोष अर्थातच मशीनचा.

माप घेणं हा तर निव्वळ न्यायालयीन प्रकार आहे. टेप छातीभोवती गेला की बाई श्वास आत घेते आणि कंबरेला आला की पोट. "श्वास सोडा वहिनी" म्हटलं की "सोडलाय की" हे उत्तर श्वास धरूनच येतं. शिवाय माप गणपतीआधी दिलेलं, ब्लाउज घालायचा दिवाळीनंतर, आणि मधे बेळगावची कुंद्याची मिठाई. म्हणून मी टेपखाली दोन बोटं घालूनच माप घेते. मागच्या भागाचं गणित सोपं: छाती ३६ असेल तर चौथा भाग ९, सैलीला अर्धा, बगलेत माया दीड, म्हणजे घडीवर ११ इंच. माया कापून टाकणारी बाई पुढच्या वर्षी नवं कापड आणते. ड्राफ्ट, म्हणजे कापायचा आराखडा, आधी कागदावर काढावा. कालचं वर्तमानपत्र फुकट पडतं खरं, पण पांढऱ्या अस्तरावर त्याची शाई उतरते, आणि पाठीवर कालचा बाजारभाव घेऊन कुणी हळदी-कुंकवाला जात नाही. खाकी कागद बरा.

आता बाह्या. दोन्ही बाह्या डाव्या निघणं हा प्रकार प्रत्येक वर्गात होतो. मुंढ्याला, म्हणजे खांद्याशी बाही जोडतात तिथं, पुढचा भाग मागच्यापेक्षा साधारण अर्धा इंच जास्त खोल कापायचा असतो. कापडाचे दोन थर एकाच तोंडानं ठेवून कापले की दोन्ही बाह्यांची खोली एकाच बाजूला येते. दोन्ही थर तोंडाला तोंड लावून ठेवा, पुढच्या अंगाला खडूनं खूण करा, मग कात्री. गुळेदगुड्ड गावचा खण, म्हणजे चोळीचं काठाचं कापड, असेल तर आणखी पंचाईत. पन्हा अरुंद, बुट्ट्यांना दिशा, आणि काठ बाहीवरच हवा. आमच्या आज्या या खणाची गाठीची चोळी शिवायच्या, अस्तर नाही, हुक नाही. नातीला त्याच खणात प्रिन्सेस कट, खोल पाठ आणि लटकन हवंय. कापड पुरत नाही तिथं जोड बगलेखाली न्यावा, छातीवर नाही. खणाच्या कडा उसवतात, म्हणून पाऊण इंच माया आणि कडेला दोरा गुंफणारं इंटरलॉक. त्याहून सोपा उपाय म्हणजे दोन खण आणायला सांगणं, पण तसं सांगितलं की बाईनं एक खण स्वतःला ठेवला, ही बातमी गल्लीत आधी पोचते.

गळ्याची पट्टी सरळ कापडातून काढू नये. ती तिरकी, ४५ अंशांत, सव्वा इंच रुंद, आणि शिवताना पट्टी किंचित ओढून, गळा मात्र न ओढता. टीप मारल्यावर वळणावर अर्ध्या-अर्ध्या इंचावर बारीक काप द्यायचे, टिपेच्या अलीकडं थांबून. टीप कापली गेली तर गळा आहे त्याहून खोल होतो आणि त्याला फॅशन म्हणून खपवावं लागतं.

कोर्स संपत आला की सगळ्यांचा एकच प्रश्न असतो: शिलाई किती घ्यायची? अस्तर, पायपिंग, लटकन यांचे पैसे वेगळे सांगावेत, आधी सांगावेत, आणि वहीत माप लिहून त्याच पानाला कापडाचा तुकडा टाचावा, म्हणजे "हे माझं कापडच नव्हं" या वाक्याला उत्तर तयार राहतं. अनोळखी गिऱ्हाईक पैसे देऊन जातं. नणंद "घरचंच आहे की" म्हणून घेऊन जाते. तिच्या मापाचं पान मात्र फाडू नये. ती दिवाळीला दोन खण घेऊन येणार आहे, आणि तेव्हा टेपखाली तीन बोटं लागतील.