दहा वर्षांच्या मुलीला दुभाषी करू नका

शाळेतल्या बुटक्या खुर्च्यांवर आम्ही चौघी बसलो होतो. वर्गशिक्षिका, एक अफगाण आई, तिची दहा वर्षांची मुलगी आणि मी. इथे बर्लिनमध्ये मी आठवड्यातून एकदा शाळेत जाऊन मुलांबरोबर जर्मन पुस्तकं वाचते. त्या मुलीबरोबरही वाचायचे, म्हणून मला बोलावलं होतं. विषय तिच्या धाकट्या भावाचा होता. तो मधल्या सुट्टीत मुलांना चावायचा. दार जोरात आपटलं की टेबलाखाली जाऊन बसायचा. शिक्षिकेने आवाज खाली आणून विचारलं, "इकडे येताना वाटेत काही झालं होतं का?"

हा प्रश्न आईला दरी भाषेत, म्हणजे अफगाणिस्तानातल्या फारसीत, विचारायचा होता त्या मुलीने.

तिने विचारला. आईने मुलीकडे पाहिलं, वेणीतून सुटलेली बट तिच्या कानामागे सारली आणि म्हणाली, काही नाही. मुलीने जर्मनमध्ये सांगितलं, काही नाही. शिक्षिकेने तसं लिहून घेतलं.

कुठली आई पोरीच्या तोंडून ते सांगेल?

शिक्षिकेच्या मनात वाईट काही नव्हतं. मुलीचं जर्मन चांगलं होतं आणि तिला विचारणं सोपं होतं, इतकंच. पण शाळेत, दवाखान्यात, सरकारी कचेरीत, घरमालकासमोर सगळीकडे हेच चालतं. मुलं पटकन भाषा शिकतात याचं आपण कौतुक करतो आणि त्या कौतुकातच अख्ख्या घराचा भार त्यांच्या डोक्यावर देतो. ज्या मुलीने त्या वेळी गणिताच्या तासाला बसायला हवं, ती आईच्या पोटदुखीचं जर्मन शोधत डॉक्टरसमोर बसलेली असते. निर्वासित कुटुंबांना इथे रुजवताना आपण करतो त्यातली ही सगळ्यात मोठी चूक आहे, असं माझं ठाम मत आहे. आई घराबाहेरच्या जगात मुकी राहिली, तर मूल शाळेत कितीही पुढे गेलं तरी ते कुटुंब रुजलं असं मी म्हणणार नाही.

आयांसाठी काहीच नाही असंही नाही. सरकारी इंटिग्रेशन कोर्समध्ये साधारण 600 तास भाषेचे आणि 100 तास इथल्या कायद्याचे, समाजाचे असतात. पण तान्ह्याला पाळणाघरात जागा मिळाली नसेल तर आईने वर्गात बसायचं कसं? दवाखान्यातल्या दुभाषाचा खर्च आरोग्य विम्यातून देण्याचं 2021 मध्ये सत्तेवर आलेल्या आघाडीने करारात लिहून दिलं होतं. 2024 च्या नोव्हेंबरात ती आघाडी मोडली, कलम कागदावरच राहिलं. बर्लिनमध्ये दुभाषी सेवा आहे, शाळांना ती बोलावताही येते. फक्त आधी वेळ ठरवावी लागते, आणि चावऱ्या मुलाची तक्रार वेळ ठरवून येत नाही.

ज्या उपायावर माझा खरा विश्वास आहे तो इथेच नॉयकोल्न भागात 2004 मध्ये सुरू झाला. नाव 'श्टाटटाइलम्युटर', म्हणजे वस्तीतल्या आया. बाहेरून आलेल्या, स्वतः अडखळत इथे स्थिरावलेल्या बायकांना आधी शिकवतात. मग त्या लाल स्कार्फ घालून आपल्याच भाषेच्या घरी जातात. शाळा कशी चालते, डॉक्टर कसा गाठायचा, मुलाशी कुठल्या भाषेत बोलायचं, हे त्या चहा पिता पिता सांगतात. अधिकाऱ्याला जे दार उघडत नाही ते त्यांना उघडतं.

आता त्या दिवसाचं पुढचं. निघताना वऱ्हांड्यात मी आईसाठी खुर्ची ओढली आणि घाईत तोंडातून निघून गेलं, "बैठिए ना." ती थबकली. "आप को उर्दू आती है?" तिचं लहानपण पेशावरच्या निर्वासित छावणीत गेलं होतं, पुढे ते मायदेशी परतले आणि 2021 च्या ऑगस्टमध्ये तालिबान आल्यावर पुन्हा बाहेर पडले. तीन महिने मी तिला नुसती मान हलवून हसत होते, आणि दोघींना समजणारी भाषा आमच्यात पहिल्या दिवसापासून होती! मला अक्षरशः रडू आलं. नवऱ्याच्या नोकरीमागे मी इथे आले तेव्हा पाळणाघराची पत्रं हातात धरून रडायचे. पण माझ्याकडे इंग्रजी होतं, व्हिसा होता, परत जायला घर होतं.

आठवड्याने आम्ही पुन्हा त्याच खुर्च्यांवर बसलो. या वेळी मधे मी होते. ती पाऊण तास बोलली. काय बोलली ते इथे लिहिणार नाही, ते तिचं आहे. त्यानंतर मुलासाठी बालमानसतज्ज्ञाची वेळ घेतली गेली.

म्हणून जर्मनीतल्या माझ्या मराठी मित्रमैत्रिणींनो, एक मागणं आहे. पाकिस्तानात वर्षं काढलेल्या बऱ्याच अफगाण बायकांना उर्दू येते, आपली हिंदी त्यांना कळते. तुमचं जर्मन बऱ्यापैकी असेल तर जवळच्या शाळेत जाऊन नाव द्या. महिन्यातले दोन तास पुरतात. मधे बसायचं, सांगितलं तेवढंच सांगायचं, आपल्या पदरचं काही घालायचं नाही आणि ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही. मोठी कागदपत्रं, कोर्ट, ऑपरेशन यांना मात्र प्रशिक्षित दुभाषीच हवा, तिथे आपण हात घालू नये.

त्या दुसऱ्या बैठकीला मुलगीही आली होती, सवयीने. मी तिला म्हटलं, आज तू बाहेर खेळ. तिने दोनदा विचारलं, नक्की ना? आईला काही अडलं तर? मग दप्तर माझ्या खुर्चीला अडकवलं आणि पळाली. खिडकीतून दिसत होती, लोखंडी दांड्यांना उलटी लटकलेली, वेणी जमिनीला टेकलेली.